हुकमाचे ताबेदार

त्या दिवशी शिवाजीनगर कोर्टात माझी विधी सेवेची रिमांड ड्युटी होती, म्हणजे अटक करून आणलेल्यांची मोफत वकिली. आरोपी समोर आला की मॅजिस्ट्रेट विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ उत्तर ठरलेलं, ‘नाही साहेब.’ तक्रार करून परत त्याच कोठडीत जायचं असतं, दुसरं कोण काय बोलणार?

मोबाइलचोरीच्या संशयावरून आणलेला एक पोरगाही ‘नाही’च म्हणाला. पण उभा होता पावलांच्या कडांवर. मी म्हटलं, ‘साहेब, याला जरा चप्पल काढू द्या.’ तळवे काळेनिळे, टरारून सुजलेले. मांडीवर वळ. काठीच्या वळाला बऱ्याचदा दोन समांतर रेषा असतात आणि मधली पट्टी फिकी राहते. जिन्यावरून घसरून तसा वळ उठत नाही. पोलिसांच्या कागदात मात्र तो जिन्यावरूनच घसरला होता. साहेबांनी पुढे वाकून पाहिलं, एकेक जखम आदेशात उतरवली, नव्याने वैद्यकीय तपासणी करायला सांगितली आणि पीसीआर (पोलीस कोठडी) नाकारून एमसीआर (न्यायालयीन कोठडी) दिली.

व्हरांड्यात त्याला घेऊन आलेले हवालदार मला गाठायला आले. माझ्या वडिलांच्या वयाचे. ‘मॅडम, आमचं नाव कशाला घालता? आम्ही हुकमाचे ताबेदार. साहेब म्हणाले, बोलता करा.’

ही सबब जगभरच्या कोर्टांनी ऐकून झाली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 1984च्या छळविरोधी करारातलं दुसरं कलम सरळ सांगतं की वरिष्ठांचा हुकूम हा बचाव होत नाही. युद्ध किंवा आणीबाणीसुद्धा नाही. जर्मनीत कोब्लेंझच्या कोर्टाने सीरियातल्या छळाचा खटला चालवला. सीरियन गुप्तचर खात्याच्या कोठडीत चौकशी विभागाचा प्रमुख असलेल्या कर्नल अन्वर रसलानला 2022 मध्ये जन्मठेप झाली. त्याआधी 2021 मध्ये, धरलेल्या निदर्शकांना त्या कोठडीपर्यंत पोचवायला मदत करणाऱ्या खालच्या माणसालाही साडेचार वर्षं मिळाली होती. म्हणजे साहेबही सुटले नाहीत आणि ताबेदारही.

आपण त्या करारावर 1997 मध्ये सही केली, पण अजून तो मंजूर केलेला नाही. 2010चं छळविरोधी विधेयक लोकसभेत पास झालं आणि राज्यसभेत लटकलं ते 2014 मध्ये बाद होईपर्यंत लटकलंच. मग आम्ही न्याय संहितेचं कलम 120 लावा म्हणतो. कबुलीसाठी मारहाण, 7 वर्षांपर्यंत शिक्षा. समोरून लगेच येतं, ‘सरकारी नोकरावर खटला भरायला सरकारची मंजुरी कुठाय?’ तळव्यांवर काठ्या मारणं हे सरकारी कर्तव्य कधीपासून झालं, हे काही कोणी सांगत नाही.

त्याच दुपारी मी अर्ज टाकला, पोलीस ठाण्याचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा म्हणून. उत्तर आलं, ‘तांत्रिक बिघाडामुळे कॅमेरे बंद होते.’ खाली वरिष्ठ निरीक्षकांची सही. सर्वोच्च न्यायालयाने 2020च्या निकालात कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी ठाण्याच्या प्रमुखावरच टाकली आहे. हवालदार ज्यांना ‘साहेब’ म्हणत होते, ते हेच. तक्रारीत पहिलं नाव त्यांचं घातलं. दुसरं हवालदारांचं.