शब्दवही: ‘डायव्हल्ज’चं पान अखेर भरलं

महिनाभर वहीत हे एकच पान अडून बसलं होतं. वर इंग्रजी शब्द, ‘डायव्हल्ज’ (divulge): गुपित सांगून टाकणे. खाली माझ्याच अक्षरात पेन्सिलीने, “बल्ज म्हणजे फुगणे, त्याचा सख्खा भाऊ? पोटात मावेना म्हणून बाहेर.” आपण गुपित पोटातच ठेवतो, त्यामुळे या तर्कावर मी भलताच खूश होतो. काल रात्री ती ओळ खोडली. बल्जचं मूळ लॅटिन ‘बुल्गा’, म्हणजे चामड्याची पिशवी. यमक जुळतं, कूळ जुळत नाही.

डायव्हल्ज आला लॅटिन ‘दिवुल्गारे’वरून. त्यातला ‘वुल्गुस’ म्हणजे सामान्य लोक, गर्दी. आधीचा ‘दि’ म्हणजे चहूकडे. थोडक्यात, लोकांत पसरवून देणे. पंधराव्या शतकात शब्द इंग्रजीत आला तेव्हा गोष्ट गुप्तच असली पाहिजे अशी अट नव्हती. नुसतं जाहीर करणं, दवंडी पिटणं एवढाच अर्थ. गुपित मागाहून चिकटलं, आणि असं चिकटलं की आज लग्नाची तारीख ‘डायव्हल्ज’ केली म्हटलं तर ऐकणारा विचारेल, पळून जाऊन करताय का?

खरी मजा भाऊबंदकीत आहे. ‘व्हल्गर’ याच वुल्गुसचा. आधी अर्थ साधा, ‘सर्वसामान्यांचा’. मग घसरत घसरत असभ्य, अश्लील. आपल्या ‘ग्राम्य’चंही हेच झालं: गावचा तो ग्राम्य, आणि पुढे शिवीगाळ ती ग्राम्य. जुना निरुपद्रवी अर्थ गणितात तगून आहे. ‘व्हल्गर फ्रॅक्शन’ म्हणजे शाळेतला आपला व्यवहारी अपूर्णांक, त्यात काहीही वाह्यात नाही! बायबलचं ‘व्हल्गेट’ हे लॅटिन भाषांतरही याच घरातलं, म्हणजे प्रचलित पाठ. त्याचा बराचसा भाग संत जेरोमने चौथ्या शतकाच्या अखेरीस केला.

व्हल्गरमध्ये ‘ग’ आणि डायव्हल्जमध्ये ‘ज’ का, हे कोडं मात्र पाच मिनिटांत सुटलं. एकात जी-नंतर ए आहे, दुसऱ्यात ई. ‘डाय’ म्हणा की ‘डि’, दोन्ही उच्चार चालतात.

मग शेजारचे दोन शब्द घेतले आणि पान खऱ्या अर्थाने भरलं. ‘रिव्हील’मध्ये लॅटिन ‘वेलुम’ आहे, म्हणजे पडदा, तो बाजूला सारायचा. ‘डिस्क्लोज’मध्ये बंद असलेलं उघडायचं. आपल्याकडे पहिल्यासाठी ‘पडदा उठवणे’, दुसऱ्यासाठी ‘उघडकीस आणणे’. आणि डायव्हल्जसाठी? कोशातलं ‘प्रकट करणे’ मला बेचव वाटतं. मी लिहिलंय ‘चव्हाट्यावर आणणे’. चार वाटा मिळतात तो चव्हाटा, म्हणजे गर्दी आली, चहूकडे पांगणंही आलं. अडचण एवढीच की चव्हाट्यावर बहुधा दुसऱ्याची अब्रू येते, आणि डायव्हल्ज तर आपला पगारही करता येतो.

समासात ‘षट्कर्णी होणे’ टिपून ठेवलंय. ‘षट्कर्णो भिद्यते मन्त्रः’, सहा कानांवर गेलेली मसलत फुटते. दोघांचे चार कान, तोवर ठीक; तिसरा आला की संपलं. लॅटिनला अख्खी गर्दी लागली, संस्कृतचं तिघांत भागलं.