जस्त आणि मोरचूद: आधी उष्णता, मग वीज

रासायनिक अभिक्रियांमधले ऊर्जाबदल हा एक धडा आणि विद्युतघट हा दुसरा, ही पुस्तकातली वाटणी मला कायम खटकायची. एकीकडे थर्मामीटर, दुसरीकडे व्होल्टमीटर, आणि दोघांची गाठ कुठे पडते ते कुणी दाखवतच नाही. म्हणून एकच अभिक्रिया घेऊन ती दोन्ही बाजूंनी मोजायचं ठरवलं. जस्त आणि मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, यांची जोडी निवडली. जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन देऊन विरघळतो, ते इलेक्ट्रॉन घेऊन द्रावणातलं तांबं धातूरूपात बाहेर पडतं. सामान साधं आणि आकडे तक्त्यात तयार, त्यामुळे आपलं उत्तर पडताळून बघता येतं.

आधी उष्णता. थर्मोकोलचे दोन पेले एकात एक बसवले, वर झाकण, झाकणाच्या भोकातून थर्मामीटर. आत 0.2 मोलर (लिटरमागे 0.2 मोल; मोल हे कणांची संख्या मोजायचं एकक) मोरचुदाचं 50 मिली द्रावण, म्हणजे तांब्याचे आयन, अर्थात विद्युतभारित अणू, 0.01 मोल. तेवढ्यासाठी जस्त 0.65 ग्रॅम पुरतं, पण मी 2 ग्रॅम पूड घेतली, कारण तांबं शेवटच्या आयनापर्यंत संपायला हवं होतं. पूडच घ्यावी, पट्टीवर अभिक्रिया रेंगाळते आणि तोवर उष्णता निसटत राहते. पूड टाकल्यावर मात्र पारा बघता बघता चढतो. सतत ढवळत राहिलो तर द्रावणाचा निळा रंग फिका पडत गेला आणि तळाशी लालसर तपकिरी गाळ साचला. तेच तांबं.

तापमान सर्वांत वर गेलं तेव्हाची वाढ 9.4 अंश सेल्सिअस होती. पण तोच आकडा धरला तर उत्तर कमी येतं, कारण पारा चढत असतानाही पेला थोडा थोडा निवत असतो. त्यासाठी दर अर्ध्या मिनिटाला नोंद ठेवली, आलेख काढला आणि उतरती रेषा मागे, पूड टाकली त्या क्षणापर्यंत वाढवली. वाढ 9.9 अंश झाली. 50 ग्रॅम पाणी गुणिले 4.18 (एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला लागणारे ज्यूल) गुणिले 9.9, म्हणजे साधारण 2070 ज्यूल. एका मोलला 207 किलोज्यूल. तक्त्यातल्या आकड्यांवरून सुमारे 219 यायला हवेत. थर्मोकोलच्या पेल्याकडून मी यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवली नव्हती.

आता घट. इथे करायचं एकच: जस्त आणि तांब्याचे आयन यांची थेट भेट होऊ द्यायची नाही. भेट झाली की इलेक्ट्रॉन तिथल्या तिथे हस्तांतरित होतात आणि सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते. पॉलिश पेपरने घासलेली जस्ताची पट्टी थेट मोरचुदात बुडवून बघा, काही क्षणांत ती काळी पडते. तो काळा थर म्हणजे अगदी बारीक कणांच्या रूपातलं तांबंच.

म्हणून एका पेल्यात झिंक सल्फेट आणि जस्ताची पट्टी, दुसऱ्यात मोरचूद आणि तांब्याची पट्टी, दोघांच्या मध्ये पोटॅशियम नायट्रेटमध्ये भिजवलेली फिल्टर पेपरची पट्टी. मल्टिमीटर लावला: 1.09 व्होल्ट. प्रमाण मूल्य 1.10. तांब्याकडचं द्रावण दहापट पातळ केलं तर आकडा 1.06 वर आला. द्रावणाच्या तीव्रतेवरून घटाचे व्होल्ट सांगणाऱ्या नर्न्स्टच्या समीकरणानुसार 0.03 चीच घट अपेक्षित असते. एवढा आज्ञाधारक प्रयोग क्वचित भेटतो.

पण व्होल्ट दिसले म्हणजे वीज हाती आली असं नाही. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. द्रावण पूर्ववत करून घटाला 1 किलोओहमचा रोध जोडला आणि 1.09 चे थेट 0.40 व्होल्ट झाले. उरलेले 0.69 व्होल्ट घटाच्या आतच, मुख्यतः त्या कागदाच्या पट्टीत, खर्ची पडत होते. अंतर्गत रोधाचा, म्हणजे घटाच्या स्वतःच्या रोधाचा, हिशोब केला तर तो 1700 ओहमच्या आसपास निघाला.

या आकड्यापाशी मी बराच वेळ रेंगाळलो, कारण दोन धड्यांची गाठ इथेच होती. तक्त्याप्रमाणे या अभिक्रियेतून एका मोलमागे एकूण 219 किलोज्यूल बाहेर पडतात. त्यातले विद्युतकार्य म्हणून जास्तीत जास्त किती मिळू शकतात? 2 (प्रत्येक अणूमागचे इलेक्ट्रॉन) गुणिले 96485 (एक मोल इलेक्ट्रॉनांचा विद्युतभार, कूलोममध्ये) गुणिले 1.10, म्हणजे 212 किलोज्यूल. वरचे सहा-सात किलोज्यूल एन्ट्रॉपीच्या, म्हणजे ऊर्जेच्या विखुरलेपणाच्या मापाच्या, वाट्याचे. घट कितीही उत्तम बांधला तरी ते उष्णता म्हणूनच जाणार. पण या 212 मधले बाहेर किती मिळतील, ते आपण बांधलेल्या वाटेवर ठरतं. माझ्या घटात जवळपास 63 टक्के आतच उष्णता होत होते. दोन्ही टोकं तारेने जोडून शॉर्ट केली असती तर सगळेच 219 उष्णतेत गेले असते, म्हणजे थर्मोकोलचा पेलाच पुन्हा, फक्त संथ गतीचा.

जॉन फ्रेडरिक डॅनियलने 1836 मध्ये हा घट बनवला तेव्हा अडचण वेगळी होती: व्होल्टाच्या 1800 मधल्या रचनेत तांब्यावर हायड्रोजनचे बुडबुडे साचून प्रवाह मंदावायचा. डॅनियलने तिथे हायड्रोजनऐवजी तांबंच जमा होईल अशी सोय केली. अशा घटांमध्ये पुढे सच्छिद्र मातीचं भांडं सर्रास आलं. मीही कागद काढून टाकला आणि बिनझिलईच्या छोट्या मातीच्या भांड्यात झिंक सल्फेट भरून ते मोरचुदात ठेवलं. तोच 1 किलोओहम जोडल्यावर आता 1.05 व्होल्ट. अंतर्गत रोध 40 ओहमच्या आत.

एका घटावर लाल एलईडी पेटत नाही. त्याला पावणेदोन व्होल्टच्या आसपास लागतात. असे दोन घट एकापुढे एक जोडले आणि तो पेटला. प्रवाह साधारण 5 मिलिअँपिअर. या वेगाने तासाभरात प्रत्येक घटातलं फक्त 6 मिलिग्रॅम जस्त विरघळतं, त्यामुळे पट्टीकडे बघून काही कळत नाही. जुळणी मात्र फार दिवस ठेवण्यात अर्थ नाही. मातीतून मोरचूद हळूहळू जस्ताकडे झिरपतं आणि पट्टी पुन्हा काळी पडू लागते.

हे करून बघणार असाल तर हातमोजे आणि चष्मा घाला, आणि जस्ताची पूड आगीपासून लांब ठेवा. मोरचूद जलचरांना घातक असतं, म्हणून उरलेलं द्रावण मोरीत ओतू नका. त्यात उरलेली जस्ताची पूड टाकून निळा रंग जाईपर्यंत ढवळा, गाळून तांबं वेगळं करा, आणि झिंक सल्फेटचं पाणी प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्यात द्या.