आमच्या टेबलावरची रानटी कुळं

डिसेंबरात इथं स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसला दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो आणि मग घरून व्हॉट्सअपवर विचारणा होते की एवढ्या लांबलचक संध्याकाळी तुम्ही लोक करता तरी काय. टीव्ही, दारू, झोप अशी उत्तरं अपेक्षित असतात. आमचं उत्तर जरा वेगळं आहे, आम्ही काही टाळकी मंगळवारी एका पबच्या मागच्या खोलीत बसून रानटी कुळं चालवतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आला. एक जण अख्खी काल्पनिक दुनिया चालवतो, बाकीचे त्यात एकेक पात्र होऊन जगतात, आणि काही धाडसाचं करायचं असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. पोरखेळ वाटेल, पण आमच्या टेबलावर एक नर्स आहे, एक ट्रकवाला आहे, एक कॉलेजातला पोरगा आहे आणि दुनिया चालवणारे आमचे मास्तर म्हणजे शाळेतून रिटायर झालेले इतिहासाचे खरेखुरे मास्तर. दुनिया त्यांचीच. उत्तरेला डोंगर, दलदल आणि थंडगार बेटं, तिथं कुळं राहतात. दक्षिणेला साम्राज्य, दगडी रस्ते, कारकून आणि कर. साम्राज्यातले लोक उत्तरेकडच्यांना रानटी म्हणतात. माझ्या कुळाचं नाव मी धुकेकर ठेवलंय, ‘धु’ कुणाला जमत नाही, सगळे डुकेकर म्हणतात, चालतंय.

आता या खेळात बार्बेरियन, म्हणजे रानटी लढवय्या, म्हटलं की रेज आलाच, म्हणजे तुमचं पात्र संतापानं पेटतं, वार जोरात बसतो, लागलेलं कमी जाणवतं. कॉलेजच्या पोरानं त्याचं कुळ त्याच हिशोबानं आणलं होतं, अंगावर कातडी, हातात कुऱ्हाड, कवटीतून पिणं, जो आधीच्या चीफला मारेल तो नवा चीफ. मास्तरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, हे लोक फेब्रुवारीत खातात काय? पोरगा गप्प. आणि आमची खरी गंमत तिथून सुरू झाली, कारण मास्तरांकडं उत्तर होतं आणि ते खिडकीबाहेरच्या डोंगरातलंच होतं.

हायलँडची, म्हणजे इथल्या उत्तर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाची, जुनी कुळं जगायची ती मुख्यतः गुरांवर. लहान चणीची, काळी, दाट केसांची गुरं. उन्हाळ्यात बायका-पोरं गुरं घेऊन वरच्या कुरणांवर जायची, तिथं दगडमातीच्या खोपट्यांत राहून लोणी-चीज करायची, आणि शरद ऋतूत हीच गुरं हाकत हाकत दक्षिणेला क्रीफच्या आणि पुढं फॉल्कर्कच्या बाजारात न्यायची. पैसा काय तो तिथूनच यायचा. त्यामुळं गुरं पळवणं ही नुसती चोरी नव्हती, चीफच्या तरुण पोरानं शेजारच्या कुळाची गुरं हाकून आणून दाखवली की मगच तो पुढं नेतृत्व करेल अशी खात्री पटायची. आणि ‘तुमची गुरं चोरीला जाऊ नयेत’ म्हणून पैसे घेणारेही असायचे, रॉब रॉय मॅकग्रेगर (१६७१ ते १७३४) याच धंद्यात होता. आपल्याकडच्या चौथाईशी याचं नातं लावायचा मोह होतो, पण मास्तर म्हणाले रॉबकडं राज्य नव्हतं, त्याच्या कुळाकडं तर नावसुद्धा नव्हतं. ते खरंय, १६०३ मध्ये मॅकग्रेगर हे आडनाव लावायलाच कायद्यानं बंदी आली होती आणि मधली तीसेक वर्षं सोडली तर ती उठली थेट १७७४ मध्ये. नाव लावलं तर जीव जाऊ शकत होता.

मग आम्ही प्रत्येकानं आपापल्या कुळाचं कॅलेंडर बनवलं, कधी गुरं वर जातात, कधी खाली येतात, कधी घरात काहीच नसतं. खेळ एकदम बदलला हो. आता लढाई करायची म्हटलं तरी नर्स विचारते की ऑगस्टात निम्मी माणसं वर कुरणावर आहेत, लढणार कोण.

दुसरी गोष्ट मास्तरांनी घुसवली ती म्हणजे पोरं वाढवायला देणं. चीफची आणि मोठ्या घरांतली मुलं सात-आठ वर्षांची झाली की दुसऱ्या घरी, कधी दुसऱ्या कुळात वाढायला जायची. तिथल्या आईचं खायचं, तिथल्या भावांबरोबर मारामाऱ्या करायच्या. हे नातं रक्ताच्या नात्यापेक्षा घट्ट धरलं जायचं. खेळात याचा परिणाम असा झाला की माझ्या पात्राचा मानलेला भाऊ ज्या कुळात आहे त्याच कुळाशी आमचं कुरणावरून भांडण, आणि कुऱ्हाड उचलली की समोर तो. मला विचाराल तर असल्या एका अडचणीपुढं दहा ड्रॅगन फिके आहेत.

आणि पुस्तकं! हे मला अजिबात माहीत नव्हतं. कुळांकडं वंशपरंपरागत कवी असायचे, क्लॅनरॅनल्डच्या मॅकडोनाल्डांकडं मॅकव्हुरिक घराणं पिढ्यान् पिढ्या हेच काम करत होतं, वंशावळ तोंडपाठ, स्तुती करायची आणि वेळ आली तर चीफची अब्रूही काढायची. बीटन घराणं वैद्यांचं. त्यांच्याकडं लॅटिनमधून गेलिकमध्ये, म्हणजे कुळांच्या भाषेत, उतरवलेले वैद्यकाचे हस्तलिखित ग्रंथ होते. असं सांगतात की स्काय बेटावरच्या एका बीटन वैद्याकडं फ्रान्समधल्या माँपेलिएच्या चौदाव्या शतकातल्या डॉक्टरचा ग्रंथ होता आणि तो इतका किमती की वैद्य स्वतः होडीनं जायचा पण ग्रंथ मात्र नोकराबरोबर जमिनीवरून पाठवायचा. बुडालो तर मी बुडेन, पुस्तक नको. आता अशा लोकांना खेळाच्या एका जुन्या आवृत्तीच्या पुस्तकात लिहिता-वाचता येत नाही असं गृहीत धरणं म्हणजे… जाऊ दे.

अर्थात सगळं काही गोड नव्हतं. १३९६ मध्ये पर्थच्या मैदानावर राजासमोर दोन कुळांची तीस-तीस माणसं उभी करून भांडण मिटवलं होतं, म्हणजे जवळजवळ सगळी मेली आणि मिटलं. डनव्हेगनच्या किल्ल्यात मॅकलाउड चीफचं एक शिंग आहे, नव्या वारसदारानं ते वाइननं भरून एका दमात रिकामं करून दाखवायचं अशी रीत. कॉलेजच्या पोराला हे फार आवडलं, त्याच्या कवटीची जागा शिंगानं घेतली, तेवढाच काय तो समझोता.

टार्टनवर, म्हणजे हायलँडच्या चौकड्यांच्या लोकरी कापडावर, मात्र भांडण झालं. प्रत्येकाला आपल्या कुळाचा वेगळा चौकटीचा रंग हवा होता, मास्तर म्हणाले मिळणार नाही. ‘हे कुळ म्हणजे हाच रंग’ ही पद्धत बहुतांशी एकोणिसाव्या शतकातली, १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटनं सगळा थाट मांडला, राजा किल्ट घालून मिरवला आणि मग टार्टनची लाटच आली. त्याआधी लढाईत आपला माणूस ओळखायचा तो टोपीत खोचलेल्या झाडाच्या डहाळीवरून किंवा फितीच्या फुलावरून. धुकेकरांच्या टोपीत मी तेरडा खोचला, इथं मिळत नाही तरी.

मला सगळ्यात जास्त डोक्यात गेलेली गोष्ट मात्र ग्लेन्कोची. पाहुणचार हा कुळांचा सगळ्यात पक्का नियम, दारात आलेल्याला खाऊ घालायचं, शत्रू असला तरी. १६९२ च्या फेब्रुवारीत कॅम्बेल ऑफ ग्लेनलायनच्या हाताखालचे सैनिक ग्लेन्कोच्या मॅकडोनाल्डांकडं उतरले, जवळजवळ दोन आठवडे त्यांच्या घरी जेवले, पत्ते खेळले आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे उठून यजमानांनाच मारलं. अडतीसच्या आसपास माणसं तिथंच गेली, बाकी किती बर्फात गेली कोण जाणे. कारण काय, तर चीफला राजनिष्ठेची शपथ घ्यायला उशीर झाला, १ जानेवारीची मुदत होती आणि तो आदल्या दिवशी चुकीच्या ठाण्यावर पोचला, बरोबर ठिकाणी शपथ होईपर्यंत ६ तारीख उजाडली. लोक याला दोन कुळांचं वैर म्हणून सांगतात, पण हुकूम सरकारचा होता, वर राजाची सही होती. त्याच राजाच्या आईकडच्या पणजोबानं, राजा सहाव्या जेम्सनं, १५९९ मध्ये आपल्या मुलासाठी लिहिलेल्या पुस्तकात हायलँडचे लोक बहुतांशी रानटी आणि बेटांवरचे तर पूर्णच रानटी असं लिहून ठेवलंय. म्हणजे पाहुणचाराचा नियम पाळणारे रानटी आणि लेखी हुकमानं झोपलेल्यांना मारणारे सुसंस्कृत. आमच्या खेळातलं साम्राज्य मला तेव्हापासून बघवत नाही.

बायकांबद्दल विचाराल तर नर्सचं पात्र बघा. तिनं ते लेडी अ‍ॅन मॅकिंटॉशवरून घेतलंय. गादी गेलेल्या स्टुअर्ट राजघराण्याला परत आणायला झालेल्या १७४५ च्या बंडात नवरा सरकारी फौजेत आणि हिनं स्वतः फिरून बंडखोरांसाठी माणसं उभी केली, लोक तिला कर्नल अ‍ॅन म्हणत. १६ फेब्रुवारी १७४६ च्या रात्री त्या घराण्यातला राजपुत्र चार्ल्स तिच्या मॉयच्या घरी मुक्कामाला होता आणि त्याला पकडायला इन्व्हर्नेसहून पंधराशेच्या आसपास शिपाई निघाले. वाटेवर एक लोहार आणि त्याचे चार साथीदार अंधारात लांब लांब उभे राहिले, बंदुका उडवल्या आणि वेगवेगळ्या कुळांची नावं घेऊन आरोळ्या ठोकल्या, जणू अख्खी फौजच आलीय. शिपाई पळत सुटले ते इन्व्हर्नेसपर्यंत. मी टेबलावर लगेच कात्रजचा घाट सांगितला, बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना भलत्याच वाटेला लावल्याची गोष्ट, मास्तरांनी वहीत लिहून घेतली आणि पुढच्याच खेळात साम्राज्याच्या सेनापतीवर वापरली सुद्धा.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, १६ एप्रिलला, कलोडन. इन्व्हर्नेसपासून गाडीनं पंधरा मिनिटं. लढाई तासभरही चालली नाही, बंडखोर हरले. नंतर शस्त्रांवर बंदी, हायलँडच्या पोशाखावर बंदी, ती १७८२ पर्यंत, आणि चीफ लोकांचे न्यायनिवाड्याचे अधिकार काढून घेतले, त्याची भरपाई मात्र रोख दिली. हे वाक्य नीट वाचा, कारण पुढचं सगळं त्यातच आहे. ज्या चीफसाठी माणसं लढायची तो हळूहळू नुसता जमीनदार झाला, आणि जमीनदाराला माणसांपेक्षा भाडं लागतं.

इथं आपला संबंध येतो बघा. मॅकेन्झी कुळाच्या चीफनं १७९३ मध्ये ७८ वी हायलँडर्स ही ब्रिटिश सैन्यातली पलटण उभी केली. हीच पलटण १८०३ च्या सप्टेंबरात आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभी होती, ७४ वी हायलँडर्सही होती आणि तिची तर दाणादाण उडाली. दोन्ही पलटणींना ‘असई’ हे नाव आणि हत्तीचं चिन्ह सन्मान म्हणून मिळालं. म्हणजे कालपर्यंत ज्यांना रानटी म्हणून झोडपलं त्यांनाच लाल कोट घालून दुसऱ्यांना झोडपायला पाठवलं. आमच्या ट्रकवाल्याचं आडनावही मॅकेन्झीच, त्याला असईचं सांगितलं तर म्हणाला, सॉरी यार, आणि पुढचा राउंड त्यानं घेतला.

तर आता खेळ कुठं अडलाय ते सांगतो. धुकेकरांचा चीफ (तो मास्तर चालवतात) दक्षिणेच्या राजधानीत राहायला लागला, कर्ज झालं, आणि त्यानं आमची वरची कुरणं मेंढ्यांसाठी भाडेपट्ट्यानं देऊन टाकली. गेल्या मंगळवारी एजंट कागद घेऊन आला. कॉलेजच्या पोरानं लगेच रेज लावला, मास्तरांनी विचारलं कुणावर? एजंटाला मारलं तर दुसरा येईल, आणि सही आपल्याच चीफची आहे. नर्स म्हणाली कोर्टात जाऊ. त्यावर मास्तरांनी सांगितलं की १८१४ मध्ये स्ट्रॅथनेव्हरमध्ये घरं जाळून माणसं बाहेर काढली होती, पॅट्रिक सेलर नावाच्या कारभाऱ्यावर १८१६ मध्ये इथंच इन्व्हर्नेसला खटला चालला, ज्युरीत जमीनदार मंडळीच जास्त, निर्दोष सुटला. आणि ज्या सदरलंडच्या काउंटेससाठी तो काम करत होता ती स्वतः त्या कुळाची चीफ होती.

मी म्हणतोय गुरं रातोरात हलवून मानलेल्या भावाच्या कुळाकडं न्यावीत, कुरणाचं भांडण नंतर बघू. ट्रकवाला म्हणतोय मेंढ्या तिथंही पोचल्या असणार, सरळ बंदर गाठून जहाज पकडू. पोरगा अजून कुऱ्हाड सोडायला तयार नाही. एजंटनं पहिला बर्फ पडायच्या आत घरं खाली करायला सांगितलंय आणि आमच्या कुळाकडं होडी आहे एकच, तीसुद्धा गळकी.