बळीराजा रस्त्यात भेटला तेव्हा

दर पाडव्याला आई ओवाळताना म्हणते, ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.’ तो बळी मला भेटला केरळात, कोचीला लागून असलेल्या त्रिपुणितुरा गावात, भर रस्त्यात.

ओणम हा मल्याळी पंचांगातल्या चिंगम महिन्यातला सुगीचा सण. अत्तम म्हणजे आपलं हस्त नक्षत्र, तिथपासून तिरुवोणम म्हणजे श्रवणापर्यंत दहा दिवस. पहिल्या दिवशी इथे अत्तच्चमयमची मिरवणूक निघते. पूर्वी कोचीचा राजा लवाजम्यासह निघायचा. १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं आणि प्रथा थांबली. १९६१ पासून ती लोकांची झाली. राजाच्या काळी नेट्टूरचे तंगळ, करिंगाचिराचे कत्तनार आणि चेंबिलचे अरयन हे तिघे मानकरी असत. एक मुसलमान, एक ख्रिस्ती पाद्री, एक कोळ्यांचा प्रमुख. सुगीच्या मिरवणुकीत मान सगळ्यांना, हे मला फार मोलाचं वाटतं.

सकाळी शाळेच्या मैदानाबाहेर उभी राहिले. पाऊस भुरभुरत होता, पण जागा सोडायला कुणी तयार नव्हतं. आधी चेंडा ऐकू आला. आपल्या ढोलासारखा तो पोटात घुमत नाही. काठीचा कडकडाट थेट कानशिलावर येतो. मग तेय्यम नर्तकांचे लालभडक मुकुट, मोरपिसांतला मयिलाट्टम, अंगभर गवत बांधून लाकडी मुखवटे घातलेले कुम्माट्टी. चित्ररथ बरेच होते, त्यातले थोडेच आठवतात.

आणि मग तो आला. मुकुट, जाड मिशा, सुटलेलं पोट, हातात ताडाच्या पानांची छत्री. मावेली! पोरं ओरडली. वामनाने पाताळात धाडलेला राजा वर्षातून एकदा प्रजेला भेटायला येतो, तो हाच. माझे हात आपोआप जोडले गेले आणि आईचं वाक्य तोंडून निघालं.

शेजारच्या चेचीने, म्हणजे ताईने, अर्थ विचारला. मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितला. ती गप्प झाली, मग हाताला धरून मला गल्लीतल्या तिच्या घरी घेऊन गेली. उंबऱ्यापुढे फुलांची छोटी रांगोळी होती, पूक्कळम. मधोमध तुंब्याची पांढरी इवली फुलं, भोवती झेंडूचं एकच कडं. रोज ती वाढवत न्यायची असते.

‘‘दहाव्या दिवशी ये,’’ ती म्हणाली. ‘‘तेव्हा तो घरी येतो.’’

संध्याकाळी मी परतीचं तिकीट रद्द केलं.