करिझ्मा ते मिटिऑर: गुहागरच्या रस्त्यावर गाडी निवडताना

२००३ साली हीरो होंडाची करिझ्मा आली तेव्हा मी पुण्यात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या पार्किंगमध्ये एक पिवळी करिझ्मा लागायची. वर्गाकडे जायला जवळचा जिना होता, पण मी लांबून, त्या गाडीजवळून जायचे. नोकरी लागली की अशीच घ्यायची, हे मी तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं. मग नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, घराचे हप्ते सुरू झाले. आधी चौदा वर्षं अ‍ॅक्टिव्हा चालवली, मग नवऱ्याची जुनी स्प्लेंडर माझ्याकडे आली. गेल्या वर्षी मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि एका रविवारी जेवताना मी म्हटलं, आता माझी गाडी घ्यायची. नवरा म्हणाला, घे की, विचारतेस काय!

गाडी नुसती हौस म्हणून नको होती. माझी आई गुहागरला एकटी राहते. महिन्या-दीड महिन्याने मी तिच्याकडे जाते. पुण्याहून सातारा, उंब्रजला वळायचं, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि तिथून गुहागर. एका बाजूचा रस्ता पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. एसटीने गेलं तर अख्खा दिवस जातो आणि कार नवऱ्याला लागते. स्प्लेंडरवरून दोनदा गेले होते. तिने बिचारीने पोचवलं, पण हायवेवर मागून ट्रक आला की जीव मुठीत धरावा लागायचा.

तरीही मनात होती ती स्पोर्ट्स बाईकच. शोरूम पालथी घालायला सुरुवात केली. माझी उंची पाच फूट दोन इंच. यामाहा आर१५ ची सीट ८१५ मिमी उंचीवर आहे. त्यावर बसल्यावर माझे फक्त चवडे टेकले. पण गाडी हलकी, १४२ किलोची, त्यामुळे जमेल असं वाटलं. बाकीच्या स्पोर्ट्स गाड्यांवरही थोड्याफार फरकाने तेच. एका शोरूममध्ये सेल्समनने आधी नवऱ्याला खुर्ची दिली आणि "सरांसाठी बघताय का?" असं मला विचारलं. मी चावी मागितली, चक्कर मारून आले, आणि पुन्हा त्या शोरूमची पायरी चढले नाही. आपल्या पैशाने गाडी घेताना कुणाला विचारायचं हेसुद्धा ज्यांना कळत नाही, तिथे सर्व्हिसिंगला वर्षानुवर्षं जायचं कसं?

टेस्ट राइड असते दहा मिनिटांची. दहा मिनिटांत कुठलीही गाडी आवडते. इंजिनचा आवाज कानात असतो, नव्या रबराचा वास असतो, रस्ता शोरूमवाल्यांनीच निवडलेला गुळगुळीत असतो. घरी येऊन मी जवळजवळ बुकिंग करायलाच बसले होते. नवरा इतकंच म्हणाला, "एकदा गुहागरला नेऊन आण, मग घे." पुण्यात गाड्या भाड्याने मिळतात, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मे महिन्याच्या सुरुवातीला एक स्पोर्ट्स बाईक दोन दिवसांसाठी घेतली. कोणती ते मुद्दाम लिहीत नाही, कारण गाडी उत्तम होती, तिच्यात काही खोट नव्हती. पहाटे पाचला निघाले. कात्रजचा बोगदा ओलांडला आणि थंड वाऱ्यात ती गाडी अशी काही पळाली की वीस वर्षांपूर्वीची मी मला परत भेटले. खंबाटकीची वळणं तर मी गाणं म्हणत घेतली. गाडी नुसत्या नजरेवर वळत होती. हे मी आजही कबूल करते: वळणात जे सुख त्या गाडीने दिलं, ते माझ्या आत्ताच्या गाडीवर मिळत नाही.

साताऱ्याला चहाला थांबले तेव्हा उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं होतं. हात झटकला, मुंग्या गेल्या, पुन्हा निघाले. उंब्रजच्या पुढे रस्ता खडबडीत लागला आणि प्रत्येक खड्डा थेट मनगटात उतरायला लागला. मान वर करून बघायचं म्हणजे मानेच्या मागे कुणी खिळा ठोकतंय असं वाटायचं. कोयनानगरला अर्धा तास थांबले तरी हात पूर्ण मोकळा झाला नाही.

मग कुंभार्ली लागला. चढताना आणि सपाटीवर हाताला जे झालं ते काहीच नाही. उतारावर अंगाचं सगळं वजन पुढे, तळहातांवर येतं. तीन-चार वळणं उतरले आणि समोरून एसटी वर येत होती, वळणात अर्ध्याहून जास्त रस्ता तिचा. मी ब्रेक दाबला. म्हणजे दाबायला घेतला, आणि बोटं सावकाश मिटली. ब्रेक लागला, एसटी निघून गेली, ड्रायव्हरने हॉर्नही दिला नाही, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला काही झालंच नव्हतं. पण मला कळलं होतं की मी मनात ब्रेक लावला तो क्षण आणि हाताने लावला तो क्षण यात अंतर पडलं होतं.

पुढे जरा रुंद जागा होती, तिथे गाडी लावली. एक बाई पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन बसली होती. मला हेल्मेट काढायचं होतं. माझ्या हेल्मेटचा पट्टा दोन कड्यांतून ओवलेला आहे, लाल दोरी चिमटीत धरून ओढली की सुटतो. मला ती दोरी चिमटीत धरताच येईना. अंगठा आणि तर्जनी जवळ यायची, पण त्यात जोर नव्हता. दोनदा, तीनदा. त्या बाई उठून आल्या, म्हणाल्या, "थांबा ताई, मी सोडते," आणि करवंदाचा चीक लागलेल्या बोटांनी माझ्या हनुवटीखालचा पट्टा त्यांनी सोडवला. मी तिथे पाऊण तास बसले. दोन द्रोण करवंदं घेतली. बोलले काहीच नाही, कारण रडू येईल असं वाटत होतं.

गुहागरला पोचले तर आईने नेहमीसारखी सुई-दोरा पुढे केला. तिला आता सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून मी आले की ती दोन-तीन सुया ओवून घेते. मी खिडकीपाशी बसले आणि ओवता आलं नाही. हात थरथरत होता. आई काही म्हणाली नाही, सुई काढून घेतली. थोड्या वेळाने अंगणात गाडीकडे बघत म्हणाली, "अगो, पण एवढं वाकून बसायचं कशाला?"

तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला नंतर फिजिओथेरपिस्टकडे मिळालं. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने अल्नर नावाची नस जाते. हँडलवर वजन रेललं की ती तासन् तास दाबली जाते. शेवटची दोन बोटं बधिर होतात आणि चिमटीचा जोरही जातो, कारण अंगठा आत खेचणारा स्नायू त्याच नसेवर चालतो. लांबच्या सायकलवाल्यांनाही हे होतं. माझं दिवसभराचं काम कीबोर्डवरचं, म्हणजे मनगटं आधीच थकलेली.

आणि गाडीची मांडणी. सीट, हँडल आणि फूटपेग (पाय ठेवायच्या दांड्या) या तीन जागांवर आपलं अंग कसं बसणार ते ठरतं. स्पोर्ट्स बाईकवर हँडल खाली, फूटपेग मागे आणि वर, छाती टाकीवर झुकलेली. ही बैठक ट्रॅकसाठी आहे. तिथल्या वेगाला समोरचा वारा छाती उचलून धरतो आणि मनगटांवरचा भार हलका होतो. मांड्यांनी टाकी आवळून पोटाच्या बळावर बसायचं असतं. आमच्या रस्त्यावर वेग साठ-सत्तरचा, घाटात तीस-चाळीसचा. वारा काहीच उचलत नाही. ज्यांचं पोट-पाठ तेवढं कमावलेलं आहे ते या गाडीवर पाचशे किलोमीटर जातात, मी अशा मुली बघितल्या आहेत आणि मला त्यांचं मनापासून कौतुक आहे. मी त्रेचाळीस वर्षांची आहे आणि मला दर महिन्याला आईकडे पोचायचं आहे.

तरी मन वळायला दोन महिने लागले. हे मला नीट सांगायचं आहे, कारण लोक म्हणतात पाठ दुखली की माणूस आपोआप आरामाची गाडी घेतो. तसं नाही होत. आरामाची गाडी म्हणजे वय झालं, हे डोक्यात घट्ट बसलेलं असतं. मी हँडल वर करणारे राइझर शोधले, जेलचे हातमोजे शोधले, व्यायाम सुरू केला. त्या व्यायामाचा आजही उपयोग होतो. पण कुंभार्लीतला तो ब्रेक आठवला की सगळं तिथेच थांबायचं.

जुलैत उंच अ‍ॅडव्हेंचर गाड्या बघून झाल्या. खड्ड्यांसाठी त्यांच्याइतकं चांगलं काही नाही, पण उतारावर उभं राहताना माझा पाय टेकत नव्हता. मग ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, भाड्यानेच रॉयल एनफील्ड मिटिऑर ३५० घेतली. सीट ७६५ मिमी, दोन्ही टाचा जमिनीवर. वजन १९१ किलो, त्याची धास्ती होती. नवरा मागे बसला, कारण त्याच्याशिवाय ही परीक्षा पुरी झाली नसती.

पाऊस होता. हायवेवर ८०-८५ ला गाडी एका लयीत चालते, खाली इंजिन संथपणे ठोकत राहतं. ओव्हरटेक मात्र आधीपासून ठरवून करावा लागतो. ३४९ सीसी असली तरी ताकद जेमतेम २० हॉर्सपॉवर, आणि वर आम्ही दोघं. मागचं सामान धरून खंबाटकी चढताना गिअर खाली टाकावाच लागला. साताऱ्याला उतरले, सवयीने हात झटकला, तर झटकण्यासारखं काही नव्हतंच.

दुखलं नाही असं नाही. पाय पुढे सोडून सरळ बसलं की वजन सगळं माकडहाडावर येतं, आणि खड्डा दिसला तरी फूटपेगवर पटकन उभं राहता येत नाही. पाटणच्या पुढे मला ते चांगलंच जाणवलं. म्हणजे आरामाच्या गाडीतही हिशेब असतोच, फक्त तो वेगळ्या जागी चुकवावा लागतो. ८० किलोमीटरला एकदा उतरायचं, पाच मिनिटं चालायचं, हा माझा नियम तिथून सुरू झाला. दुखणारं माकडहाड ब्रेक लावायला आड येत नाही. कुंभार्ली धुक्यात होता, दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं, आणि मी तो उतरले तेव्हा माझं सगळं लक्ष रस्त्यावर होतं. हातात काय होतंय, मानेत काय होतंय, तिकडे लक्ष जातच नव्हतं. मला काय विकत घ्यायचं आहे ते त्या धुक्यात समजलं: शेवटच्या पन्नास किलोमीटरला शिल्लक राहिलेलं लक्ष.

पुढचं पटकन सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, आणि त्यावरच्या गाड्यांचा सेससकट ३१ होता तो ४० झाला. माझा निर्णय आधीच झाला होता, पण महिनाभर थांबल्याचा फायदा झाला. सप्टेंबरात मिटिऑरचं नवं मॉडेलही आलं, क्लच भाड्याच्या गाडीपेक्षा हलका. एका डीलरने ऑनरोड कोटेशनमध्ये ‘हँडलिंग चार्जेस’ लावले होते. मी ती ओळ कशाची ते लेखी मागितलं, दुसऱ्या दिवशी ती ओळ गेली. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो, तो कुठून घ्यायचा हे मात्र आपण ठरवू शकतो. दोन-तीन कंपन्यांचे आकडे घेऊनच जावं. २ ऑक्टोबरला, दसऱ्याला, गाडी घरी आली. झेंडूची माळ मी स्वतः ओवली होती.

१९१ किलोचं काय करायचं ते आठवडाभरात शिकले. आमच्या सोसायटीचं पार्किंग उतरतं आहे. गाडी उताराकडे तोंड करून लावली की काढताना मागे ढकलत चढवावी लागते आणि तिथेच माणूस हरतो. आत घेतानाच वळवून, तोंड चढाकडे करून लावायची. ढकलताना हातांनी नाही, कमरेने सीटला टेकून ढकलायची. बारीक खडीवर पुढचा ब्रेक लावायचा नाही. वॉचमनकाका पहिल्या दिवशी धावत आले होते, आता लांबूनच हात करतात.

दिवाळीनंतर एकटीच निघाले. वाटेत तीनदा थांबले. कुंभार्लीत त्याच रुंद जागेवर गाडी लावली; करवंदांचा हंगाम नव्हता, तिथे कुणी नव्हतं. एक स्पोर्ट्स बाईक माझ्यासमोरून वळण घेत खाली गेली, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिले. ती ओढ गेलेली नाही. कधीतरी एका रविवारी पुन्हा भाड्याने घेईन आणि फक्त खंबाटकीपर्यंत जाऊन येईन.

गुहागरला पोचेपर्यंत दुपार झाली होती. हेल्मेटची दोरी ओढली, पट्टा सुटला. आईने डबा आणला आणि खिडकीपाशी ठेवला. त्यात सहा सुया होत्या. पांढरा दोरा चार सुयांत ओवला, काळा दोनांत. आई म्हणाली, संक्रांतीपर्यंत पुरतील.