हो, बोंबील बांधलेला होता

माझ्या फिल्ममधे आमचा कुत्रा बोंबील वादळात बांधलेला होता आणि मी शूट करत होते का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. एकदाच आणि सगळं, कारण दर वेळी फिल्म संपून दिवा लागला की मी अर्धंच सांगते आणि घरी आल्यावर उरलेलं अर्धं रात्रभर डोक्यात चालू राहतं.

फिल्म अकरा मिनिटांची आहे आणि त्यातली दहा मिनिटं बोंबील नुसता जगतोय. हर्णेच्या मासळी लिलावात टोपल्यांमधून फिरतोय, आईच्या पाटावर झोपलाय, भरती आली की लाटेवर भुंकतोय. पण सातव्या मिनिटाला 'निसर्ग' चक्रीवादळातला तो शॉट येतो. पडवीच्या खांबाला साखळीने बांधलेला बोंबील, कान मागे गेलेले, सरळ माझ्याकडे बघतोय, मग पोफळ, म्हणजे सुपारीचं झाड, कोसळत येते आणि माझ्या हातातून फोन पडतो. एकतीस सेकंद. नंतर कोणीतरी विचारतंच, ताई, तो बांधलेला होता आणि तुम्ही शूट करत होतात? दापोलीत विचारलं, चिपळूणला विचारलं, पुण्यात एका मैत्रिणीच्या गच्चीवर चादर लावून दाखवली तिथे पण पहिला प्रश्न हाच. एका मुलीने काही विचारलं नाही, नुसती उठून गेली, ते मला सगळ्यात जास्त लागलं.

दुसरा प्रश्न असतो की एवढे विषय पडलेत तर कुत्र्यावर फिल्म का. हा मला जड जात नाही. जेट्टी, बंद पडलेल्या शाळा, चाकरमान्यांची कुलूपबंद घरं, बारा वर्षं मी हेच करतेय, ना सेन्सॉर ना फेस्टिवल, देवळाच्या सभामंडपात चादर बांधायची आणि दाखवायचं. त्यात कधीतरी जॉर्ज कुचर या अमेरिकन फिल्मवाल्याची 1978 सालची 'द मॉन्ग्रेलॉइड' बघितली, दहाएक मिनिटांची, 16 एमएमवर काढलेली. हा माणूस लहानपणी जुळ्या भावाबरोबर न्यूयॉर्कमधे 8 एमएमवर पिक्चर काढायचा, पुढे सॅन फ्रान्सिस्कोला आर्ट कॉलेजात शिकवायला लागला, आणि या फिल्ममधे तो काय करतो तर बॉको नावाच्या आपल्या कुत्र्याशी बोलतो, आपण कुठे कुठे फिरलो त्याच्या गोष्टी. एवढंच. मी ती बघून रडले. कोणावर प्रेम आहे हे सांगायला त्याच्यामागे मुद्दा लागत नाही हे मला तोपर्यंत कळलंच नव्हतं. उठून बोंबलाचे जुने क्लिप्स शोधायला लागले, हार्डडिस्कमधे सहा वर्षांचे निघाले.

आता तो दिवस.

3 जून 2020. वादळ जमिनीवर आलं ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला, पण आमच्या आंजर्ले-केळशी पट्ट्यात काय झालं ते तुम्हाला माहितीये, परत सांगत नाही. सकाळी नऊला बाबा म्हणाले, त्याला सोड, जनावराला आपल्याआधी कळतं, तो बघेल त्याचं. मी म्हटलं नाही, सुटला तर घाबरून किनाऱ्याकडे पळेल, नाहीतर तुटलेल्या वायरीवर पाय देईल. बाबा दोनदा म्हणाले. मी दोन्ही वेळा नाही म्हटलं आणि साखळी स्वतः खांबाला दोन वेढे देऊन बांधली, कारण तो एका वेढ्यातून निसटायचा. घरात का नाही घेतलं असं विचाराल. घेणारच होतो. पत्रे वाजायला लागले की घेऊ असं ठरलं होतं. अकराला पत्रे वाजायला लागले तेव्हा आई देव कापडात बांधत होती, मी मागच्या खोलीतलं तांदळाचं पिंप ओढत होते, आणि नंतर एकदम दार उघडणंच अशक्य झालं. बाबा पाठ लावून दाराला टेकून उभे होते. वारा आत शिरला की छप्पर आतून उचललं जातं, कौलं पत्त्यांसारखी उडतात, शेजारच्या घराचं तेच झालं. म्हणजे साडेबाराला दार न उघडणं बरोबरच होतं, हे मी आजही कोणाशीही भांडून सांगेन. अकराला मात्र उघडता आलं असतं. तेव्हा मी तांदूळ वाचवत होते.

आणि फोन. सुरुवातीला मी सांगायचे की फोन खिडकीच्या गजात अडकवून ठेवला होता, आपोआप रेकॉर्ड होत होतं. ते खोटं होतं. ज्याने कधी कॅमेरा धरलाय त्याला फ्रेम हलताना दिसतेच. फोन माझ्या हातात होता.

मग मी दुसरं उत्तर द्यायला लागले की मी आमची पोफळीची वाडी शूट करत होते, नुकसानीच्या पंचनाम्यासाठी. हे खरं आहे. पोफळी एकामागून एक काडीसारख्या मोडत होत्या आणि मला दिसत होतं की उद्या कोणीतरी येऊन विचारणार, किती होत्या. आणि तसंच झालं ना, हेक्टरी मदतीत चार-पाच गुंठ्यांच्या वाडीवाल्याला काय मिळणार म्हणून शेवटी झाडामागे द्यायचं ठरलं, सुपारीला 50 आणि नारळाला 250 रुपये, म्हणजे मोजणी लागलीच. माझ्या त्या व्हिडिओवरून आमची झाडं मोजली. मग मी काय चूक केली? हे मी स्टेजवर फार जोरात म्हणायचे.

पण व्हिडिओ मी तुमच्यापेक्षा जास्त वेळा बघितलाय. पहिले दहा सेकंद वाडी आहे. अकराव्या सेकंदाला फ्रेम वाडी सोडून डावीकडे येते, बोंबलावर येते आणि झूम होते. ती झूम माझ्या दोन बोटांनी केलेली आहे. पंचनाम्याला त्याचा काय उपयोग होता? भरपाईच्या यादीत दुभती जनावरं आहेत, ओढकामाची आहेत, शेळ्यामेंढ्या, कोंबड्या आहेत, कुत्र्याला रकाना नाही. तो मला छान दिसला म्हणून मी झूम केलं. मागे सगळं पांढरं झालेलं, तो खांबाला चिकटलेला, पाऊस आडवा. मला वाटलं, केवढा शॉट आहे. लिहिताना हात थरथरतोय पण असंच वाटलं होतं.

तेव्हाची मी म्हणते की दार बंद होतं, फोन ठेवला असतास तरी तू त्याला वाचवणार नव्हतीस. बरोबर आहे. मी तिला म्हणते की मग निदान नुसतं बघायचं होतंस, त्याच्याकडे, डोळ्यांनी. ती म्हणते, बघतच तर होते. इथे येऊन आमचं भांडण दर वेळी अडकतं.

पोफळ त्याच्या मागच्या डाव्या पायावर पडली. साडेतीन-चारला वारा उतरला तेव्हा बाबांनी कोयत्याने ती तोडून त्याला काढलं, त्याने बाबांचा हात चाटला आणि माझाही. रस्त्यावर झाडं, लाइट नाही, रेंज नाही. बाबांनी बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला. गुरांच्या डॉक्टरांपर्यंत तिसऱ्या दिवशी पोचलो, ते म्हणाले उशीर झालाय, पाय ठेवला तर जनावर जाईल. फिल्मच्या शेवटी वाळूत तीन-तीन पावलांचे ठसे दिसतात त्याबद्दल कोणी विचारत नाही. तो तीन पायांवर अजून तीन वर्षं जगला, आणि आनंदात जगला हे मी सांगितलं की लोकांना वाटतं मी स्वतःला सोडवून घेतेय. असेलही. पण तो आनंदात होता, ओहोटीला पहिला तोच पळायचा.

शॉट काढून टाका असं खूप जणांनी सांगितलं. एकदा काढला. मग ते ठसे आले तेव्हा फिल्म खोटी वाटायला लागली, चौथा पाय कुठे गेला हे लपवून नुसतं गोड गोड. परत घातला.

अजून एक, हे कोणालाच सांगितलं नव्हतं. वाऱ्याच्या आवाजात ऐकू येत नाही पण हेडफोन लावले की चोविसाव्या सेकंदाला माझा आवाज आहे. थांब, थांब, थांब. तीनदा. मी बोंबलाला म्हणत होते की ओढू नको, गळ्याला लागेल? पोफळीला म्हणत होते? की फ्रेममधून तो बाहेर जात होता म्हणून? बाबांना विचारलं, त्यांना आठवत नाही, ते दाराकडे होते. मला पण आठवत नाही. खूप आठवून बघितलं.

शिमग्याला परत दाखवणार आहोत, आमच्याच अंगणात, शॉट असणार आहे. ज्यांना बघवणार नाही त्यांनी मागच्या दाराने आत यावं, आई सातव्या मिनिटाला चहा ठेवायला उठतेच, दर वेळी.