आधी या पोरी उभ्या राहिल्या होत्या

खेळाडू आणि वर्णद्वेष असा विषय निघाला की गप्पा हमखास दोनच ठिकाणी जातात. एकतर १९६८ चं मेक्सिको ऑलिम्पिक, टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस, काळे हातमोजे आणि वर केलेल्या मुठी. नाहीतर अमेरिकन फुटबॉलवाला कॉलिन कॅपरनिक, राष्ट्रगीत चालू असताना गुडघ्यावर बसलेला. या तिघांबद्दल मला मनापासून आदर आहे, त्यांनी खरोखर किंमत मोजली, कॅपरनिकला तर २०१७ नंतर एकाही टीमने घेतलं नाही. पण अटलांटाजवळ राहायला आल्यापासून मी इथल्या बायकांच्या बास्केटबॉलच्या नादी लागलेय आणि तेव्हापासून एक गोष्ट सारखी टोचते, की कॅपरनिकचा निषेध सुरू झाला ऑगस्ट २०१६ मध्ये, आणि डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बायकांच्या बास्केटबॉल लीगच्या, पोरी जुलैमध्येच उभ्या राहिल्या होत्या. त्यांचं नाव कुणी घेत नाही. म्हणून आज सगळं सविस्तर लिहितेय, लांबलं तर लांबू दे.

जुलै २०१६ चा तो आठवडा भयंकर होता. ५ तारखेला बॅटन रूजमध्ये ऑल्टन स्टर्लिंग या काळ्या माणसाला पोलिसांनी गोळ्या घातल्या, ६ तारखेला मिनेसोटात फिलँडो कॅस्टील या दुसऱ्या काळ्या माणसाला, तोही गाडीत बसलेला असताना, शेजारी मैत्रीण आणि मागच्या सीटवर तिची छोटी मुलगी. ७ तारखेला डॅलसमध्ये एका माणसाने पाच पोलिसांना मारलं. ९ तारखेला मिनियापोलिसमध्ये मिनेसोटा लिंक्स या डब्ल्यूएनबीए टीमची मॅच होती, ती पण नेमकी डॅलसच्या टीमशी. लिंक्सच्या पोरी वॉर्म-अपला काळे टी-शर्ट घालून आल्या. पुढे लिहिलेलं, बदलाची सुरुवात आपल्यापासून, न्याय आणि जबाबदारी. पाठीवर कॅस्टील आणि स्टर्लिंगची नावं, खाली ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर (काळ्यांच्या जिवालाही मोल आहे), आणि त्याच पाठीवर डॅलस पोलिसांचा बिल्लाही. म्हणजे मेलेल्या पोलिसांचं दुःखही त्यांनी पाठीवर घेतलेलं. मॅचच्या आधी चारही कॅप्टन, माया मूर, लिंडसे व्हेलन, सिमोन ऑगस्टस आणि रेबेका ब्रन्सन, पत्रकारांसमोर बसून शांतपणे बोलल्या.

आणि तरीही तिथे बंदोबस्ताला असलेले चार पोलीस ड्युटी सोडून निघून गेले. पोलीस युनियनचा अध्यक्ष बॉब क्रोल, त्याने त्यांचं जाहीर कौतुक केलं, वर लिंक्सच्या मॅचला माणसंच कुठे येतात असं हिणवलं. हा तोच क्रोल जो २०२० मध्ये मिनियापोलिसमध्येच पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड गेला तेव्हाही त्याच खुर्चीत होता. चार वर्षं आधी चार बायकांनी त्याच शहरात माईकसमोर बसून काय सांगितलं होतं ते कुणी ऐकलं असतं तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

मग बाकीच्या टीमनीही काळे शर्ट घातले, न्यूयॉर्क लिबर्टी, इंडियाना फीव्हर, फिनिक्स मर्क्युरी. लीगने काय करावं? दंड! युनिफॉर्मचा नियम मोडला म्हणून प्रत्येक टीमला ५,००० डॉलर आणि प्रत्येक खेळाडूला ५०० डॉलर. आता हे ५०० डॉलर फार वाटणार नाहीत, पण तेव्हा या लीगमध्ये नव्या खेळाडूला वर्षाला चाळीस हजार डॉलरच्या आसपास मिळायचे, सीझन संपला की निम्म्या पोरी रशिया, तुर्की, चीनला जाऊन खेळायच्या तेव्हा कुठे हिशोब जुळायचा. आणि चीड आणणारी गोष्ट म्हणजे महिनाभर आधी ऑरलँडोच्या क्लबमध्ये गोळीबार झाला तेव्हा याच लीगने स्वतःहून श्रद्धांजलीचे टी-शर्ट वाटले होते. तेव्हा नियम आड आला नाही. काळ्या माणसांच्या मरणावर बोलायची वेळ आली तेव्हा आला.

पोरींनी यावर जे केलं ते मला फार भारी वाटतं. मॅच संपल्यावर पत्रकार प्रश्न विचारायला आले की त्या बास्केटबॉलवर एक शब्द बोलायच्या नाहीत. मॅचचं काही विचारलं तरी उत्तर एकच, आम्ही आज फक्त या विषयावर बोलू. लिबर्टीची टीना चार्ल्स एक पुरस्कार घ्यायला कोर्टवर आली ती वॉर्म-अपचा शर्ट उलटा घालून, नाव-लोगो सगळं आत, बाहेर नुसता काळा. थोड्याच दिवसांत लीगने दंड मागे घेतला. आणि सप्टेंबरमध्ये प्लेऑफच्या मॅचआधी इंडियाना फीव्हरची अख्खी टीम राष्ट्रगीताला एकमेकींचे हात धरून गुडघ्यावर बसली, एकटीदुकटी नाही, सगळ्या.

हे "सगळ्या" माझ्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. एकटा माणूस उभा राहिला की त्याला बाजूला काढणं सोपं असतं, कॅपरनिकचं तेच केलं. या पोरींना युनियन होती, पगार कमी होते, प्रसिद्धी त्याहून कमी, त्यामुळे एकीशिवाय दुसरं हत्यारच नव्हतं हातात आणि ते त्यांनी नीट परजून ठेवलं.

माया मूरबद्दल मात्र वेगळं लिहावंच लागेल. लिंक्सला चार वेळा चॅम्पियन करणारी, दोन ऑलिम्पिक गोल्ड, लीगची सर्वोत्तम खेळाडू, वय तिशीच्या आत, म्हणजे खेळाडूचा ऐन बहराचा काळ. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिने सांगितलं की मी हा सीझन खेळणार नाही. कारण मिसूरीच्या तुरुंगातला जोनाथन आयर्न्स. १९९७ मध्ये एका घरफोडीत गोळी चालली, तेव्हा हा काळा पोरगा १६ वर्षांचा, सगळ्या गोऱ्या ज्युरीने दोषी ठरवला आणि ५० वर्षांची शिक्षा! मायाच्या घरच्यांची त्याच्याशी तुरुंगातल्या चर्चच्या कामातून ओळख होती, ती स्वतः कॉलेजला जायच्या आधी त्याला भेटली होती. मग वकील, कागदपत्रं, तारखा. शेवटी मार्च २०२० मध्ये न्यायाधीशाने शिक्षा रद्द केली, कारण घटनास्थळी सापडलेला एक ठसा, जो ना आयर्न्सचा होता ना घरमालकाचा, तो बचाव पक्षाला कधी दाखवलाच नव्हता. १ जुलै २०२० ला तो जेफरसन सिटीच्या तुरुंगातून चालत बाहेर आला आणि त्याला बघून माया जमिनीवर गुडघे टेकून खाली बसली. तो व्हिडिओ नेटवर आहे, बघा. पुढे दोघांनी लग्न केलं. ती परत कधी खेळली नाही, २०२३ मध्ये रीतसर निवृत्ती. तिचा जंप शॉट अजून पाच-सहा वर्षं तरी बघायला मिळायला हवा होता असं मला चाहती म्हणून वाटतं, आणि तरीही तिने जे केलं त्यापुढे बोलायची माझी प्राज्ञा नाही.

आता २०२०, आणि इथे आमचं जॉर्जिया येतं.

कोविडमुळे सगळ्या १२ टीम फ्लोरिडात ब्रेडेंटनला एकाच कॅम्पसमध्ये बंद करून ठेवल्या होत्या. एरवी या पोरी बारा शहरांत विखुरलेल्या, इथे सगळ्या एकाच आवारात, जेवण, सराव, मीटिंग सगळं एकत्र. सीझन ब्रिओना टेलरला अर्पण केला. लुइव्हिलमध्ये मार्चमध्ये रात्री तिच्याच घरात पोलिसांच्या गोळ्यांनी गेलेली २६ वर्षांची मुलगी. प्रत्येकीच्या जर्सीवर तिचं नाव. पहिल्या मॅचला न्यूयॉर्क आणि सिएटलच्या पोरी राष्ट्रगीताच्या वेळी कोर्ट सोडून आत निघून गेल्या, मग परत येऊन २६ सेकंद शांत उभ्या राहिल्या, तिच्या वयाच्या प्रत्येक वर्षाला एक सेकंद.

त्याआधीच अटलांटा ड्रीमची सहमालकीण केली लोफलर, जी त्या वेळी जॉर्जियाची सिनेटरही होती (गव्हर्नरने नेमलेली, निवडणूक अजून व्हायची होती), तिने लीगला पत्र लिहून ब्लॅक लाइव्ह्ज मॅटरला विरोध केला, त्यापेक्षा जर्सीवर अमेरिकेचा झेंडा लावा म्हणाली. ज्या टीमची ती मालकीण त्या टीमच्या बहुतेक पोरी काळ्या! साहजिकच सगळ्या भडकल्या, हिला काढा अशी मागणी झाली. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण जितकं हिचं नाव घेऊ तितकं हिचं फावतंय, हिला प्रचाराला आयतं खाद्य मिळतंय.

मग त्या थांबल्या, आणि अभ्यास केला. निषेध म्हटला की आपल्या डोळ्यापुढे घोषणा येतात, या पोरींनी आधी व्हिडिओ कॉल लावले. सिनेटच्या निवडणुकीत तिच्याविरुद्ध कोण कोण उभं आहे, कुणाचं म्हणणं काय, सगळं तपासलं. जॉर्जियातली नेता स्टेसी अब्राम्स खेळाडूंच्या युनियनच्या सल्लागार मंडळावर होती, तिच्याशी बोलल्या. राफाएल वॉरनॉक, लोफलरविरुद्ध उभा असलेला एक उमेदवार, अटलांटाच्या एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चचा पास्टर, मार्टिन ल्यूथर किंग यांचं तेच चर्च, त्याला प्रश्न विचारले. तेव्हा तो पोलमध्ये बराच मागे होता. आणि ४ ऑगस्टला ड्रीमसकट बाकीच्या टीम पण कोर्टवर आल्या त्या वॉरनॉकला मत द्या असं लिहिलेले काळे टी-शर्ट घालून. ही कल्पना सिएटलच्या सू बर्डची, ड्रीमकडून पुढे होती एलिझाबेथ विल्यम्स. मालकिणीचं नाव शर्टवर नाही, तोंडातही नाही.

स्वतःच्या मालकिणीविरुद्ध, तिच्याच टीमच्या पोरी, टीव्हीवर. एका वर्षाच्या कराराच्या भरवशावर जगणाऱ्या पोरी होत्या त्यात, उद्या नारळ मिळाला तर दुसरी टीम मिळेलच याची खात्री नाही. मला विचाराल तर यापेक्षा धाडसाचं मी खेळात काही बघितलेलं नाही.

त्याच महिन्यात विस्कॉन्सिनमधल्या केनोशात पोलिसाने जेकब ब्लेक या काळ्या माणसावर मागून सात गोळ्या झाडल्या, आणि २६ ऑगस्टला वॉशिंग्टन मिस्टिक्सच्या पोरी पांढरे शर्ट घालून आल्या, पुढून त्याच्या नावाची अक्षरं आणि पाठीवर सात भोकं काढलेली. त्या दिवशी कुणी खेळलं नाही. त्या दिवसाच्या बातम्यांत पुरुषांची मिलवॉकी बक्स, तिनेही खेळायला नकार दिला होता, सगळीकडे होती, मिस्टिक्सला त्या मानाने ओळीभर जागा.

नोव्हेंबरात कुणालाच ५० टक्के मिळाले नाहीत म्हणून जानेवारीत रन-ऑफ, म्हणजे पहिल्या दोघांत पुन्हा मतदान. तो हिवाळा आम्ही इथल्यांनी कसा काढला ते आम्हालाच माहीत, टीव्ही लावला की वॉरनॉक नाहीतर लोफलर, पोस्टाच्या पेटीत रोज गठ्ठाभर पत्रकं, आमच्या मराठी ग्रुपवर सुद्धा लोक एकमेकांशी कचाकचा भांडत होते. ५ जानेवारी २०२१ ला वॉरनॉक सुमारे ९३ हजार मतांनी निवडून आला, जॉर्जियाचा पहिला काळा सिनेटर. हे फक्त बास्केटबॉलवाल्या पोरींमुळे झालं असं मी म्हणत नाही, अब्राम्ससारख्यांनी वर्षानुवर्षं दारोदार जाऊन मतदार नोंदवले ते खरं काम. पण ऑगस्टमध्ये ज्याचं नाव राज्याबाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं ते देशभर यांनी पोचवलं.

"खेळाडूंनी खेळावं, राजकारण कशाला" म्हणणारे मला आमच्याच ओळखीत खूप भेटतात, चांगली माणसं आहेत. त्यांना मी एवढंच विचारते की टीमची मालकीण सिनेटर असते तेव्हा राजकारण खेळात कुणी आणलं?

आणि सगळं जिंकल्या असंही नाही. सप्टेंबर २०२० मध्ये, जर्सीवर ब्रिओनाचं नाव घालून त्या प्लेऑफ खेळत असताना, केंटकीच्या ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) तिच्या मृत्यूबद्दल एकाही पोलिसावर आरोप ठेवला नाही. एकावर ठेवला तो शेजारच्या घरात गोळ्या गेल्या म्हणून! त्या बातमीने माझं डोकं सुन्न झालं होतं, त्या पोरींचं काय झालं असेल.

रेनी माँटगोमेरीचं सांगायचं राहिलं. ती ड्रीमची गार्ड, २०२० चा सीझन तिने सोडला होता, म्हणजे पगारही सोडला, का तर अटलांटात राहून याच कामात उतरायचं म्हणून. लोफलरला भेटून बोलूया असं खुलं पत्र लिहिणारी पण हीच. फेब्रुवारी २०२१ मध्ये लोफलर आणि तिच्या भागीदाराने टीम विकली, आणि घेणाऱ्या तिघांमध्ये एक नाव होतं रेनी माँटगोमेरी. त्याच महिन्यात खेळातून निवृत्त झाली आणि त्याच महिन्यात टीमची मालकीण, वर टीमच्या कारभारात उपाध्यक्ष. लीगच्या इतिहासात खेळाडू होती ती मालकही झाली आणि कारभारीही, असं पहिल्यांदाच घडलं.